जागच्या जागी असून न दिसणारी डिस्क



इतिहास, अर्थकारण आणि वेदान्त यांची चर्चा ऐकण्याची ज्या व्यासपीठाला सवय आहे, तेथे संगणकातील बोटभर लांबीच्या एका पट्टीविषयी बोलण्याचे आम्ही योजिले, याचे काही श्रोत्यांस नवल वाटले असेल. परंतु दुकानाचा जमाखर्च, लग्नकार्याची छायाचित्रे, जमिनीच्या कागदांच्या प्रती, मुलामुलींचे प्रबंध हे सारे आज ह्या पट्टीच्याच स्वाधीन आहे. विंडोज १० ह्या प्रणालीला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि जुनी प्रणाली पुसून नवी बसविण्याचा प्रसंग पुष्कळांवर आला. त्या खटाटोपात मध्येच पडद्यावर येते की डिस्क सापडत नाही. मग मनुष्य घाबरतो, आणि घाबरलेला मनुष्य यंत्र विचारील त्या प्रश्नाला 'होय' म्हणत सुटतो. आमच्या मते खरे नुकसान बहुधा ह्या 'होय'मुळे होते. डिस्क बिचारी शाबूत असते.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. १९५६ साली आयबीएमने रॅमॅक नावाचे यंत्र आणले, त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या फिरत असत. आजच्या सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारे काहीच नाही. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली मांडलेल्या नँड फ्लॅश ह्या स्मृतीवर तिची उभारणी झाली आहे. चकती गेली, पण डिस्क हे नाव मागे उरले. फिरणारे काही नसल्यामुळे ती बिघडली तरी कुरकुर ऐकू येत नाही, आणि सुस्थितीत असली तरी ती मुकीच. म्हणून कानाने निदान करण्याची जुनी रीत येथे चालत नाही. विचार करूनच निदान करावे लागते.

'दिसत नाही' असे आपण म्हणतो, तेव्हा कोणाला दिसत नाही हा पहिला प्रश्न होय. यंत्र सुरू होताच जो मूळ कारभारी जागा होतो, त्याला बायोस म्हणतात; एफ-२ किंवा डिलीट कळ दाबून त्याच्या दप्तरात डोकावता येते. तेथे डिस्कचे नाव असेल तर पट्टी जिवंत आहे आणि खोबणीत नीट बसली आहे, असे समजण्यास हरकत नाही. नावच नसेल, तर यंत्र बंद करून वीज काढावी, पट्टी काढून पुन्हा बसवावी, तारेची डिस्क असल्यास तार बदलावी. एकसारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांत साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जाती असतात आणि काही खोबणींना एकच जात चालते, हेही यंत्राच्या पुस्तिकेत पाहावे. केवळ प्रणाली बदलल्याने डिस्क बायोसच्या दप्तरातून नाहीशी होण्याचे कारण नाही.

आता सर्वांत अधिक गोंधळ उडविणारा प्रकार घेऊ. बायोसमध्ये नाव आहे, कालपर्यंत त्याच डिस्कवर विंडोज चालत होते, आणि आज ते नव्याने बसवू लागताच डिस्कांची यादी रिकामी! असे का व्हावे? इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या, म्हणजे २०२० नंतरच्या, बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची एक व्यवस्था चालू ठेवलेली असते. ती डिस्कच्या पुढे देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखी उभी राहते. आत जायचे तर त्याची भाषा आली पाहिजे. ती भाषा म्हणजे ड्राइव्हर. कारखान्यातून आलेल्या विंडोजमध्ये उत्पादकाने तो आधीच घातलेला होता, म्हणून कालपर्यंत अडले नाही. पेनड्राइव्हवरून आलेल्या कोऱ्या विंडोजपाशी तो पुष्कळदा नसतो.

उपाय दोन आहेत. लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून 'रॅपिड स्टोरेज' ड्राइव्हर घ्यावा, त्याचे गाठोडे सोडवून फाइली पेनड्राइव्हवर ठेवाव्यात, आणि यादीच्या पडद्यावरील 'लोड ड्राइव्हर' हे बटन दाबून तेथे बोट दाखवावे. गाठोडे न सोडता तसेच ठेवले, तर विंडोजला त्यातले काही वाचता येत नाही; अनेकांचा प्रयत्न एवढ्यावरून फसतो. दुसरा उपाय म्हणजे बायोसमध्ये जाऊन व्हीएमडीच बंद करणे. हा सोपा, म्हणून लोकप्रिय. परंतु जुनी प्रणाली अजून ठेवायची असेल तर ती ह्या बदलानंतर निळा पडदा दाखवून अडून बसण्याचा संभव असतो, आणि दोन डिस्का रेड पद्धतीने जोडलेल्या असतील तर हा खटका मुळीच हलवू नये. आमचा कौल पहिल्या उपायाला आहे.

आणखी एक प्रकार असा की, विंडोज सुखरूप बसले, पण दुसरी डिस्क, जिच्यात सारी कागदपत्रे आहेत, ती दिसेना. येथे 'डिस्क मॅनेजमेंट' उघडावे. स्टार्टच्या खुणेवर उजवी कळ दाबली की ते सापडते. पुष्कळदा डिस्क तेथे धडधाकट असते, तिला फक्त अक्षर मिळालेले नसते. ते दिले की काम झाले. कधी ती 'ऑफलाइन' असते, तिला 'ऑनलाइन' करावे. कधी मात्र खिडकी उघडताच यंत्र विचारते, ही डिस्क 'इनिशियलाइज' करू काय?

येथे हात आवरावा. डिस्कच्या आरंभी विभागांची एक नोंदवही असते. तलाठ्याच्या दप्तरातले पान फाटले म्हणून जमीन वाहून जात नाही. गट आणि बांध जागच्या जागी असतात. 'इनिशियलाइज' म्हणजे जुने दप्तर टाकून कोरे उघडणे. नव्या डिस्कला ते हवेच. पण जिच्यात मजकूर आहे तिचा आधी शोध घ्यावा. ती लिनक्समध्ये वापरलेली असेल, तर तिची लिपी विंडोजला मुळातच वाचता येत नाही आणि ते 'फॉर्मॅट करा' असे सुचविते. कोरे दप्तर चुकून उघडले गेले, तरी जाणकाराला बांधांवरून गट पुन्हा मांडता येतात. फॉर्मॅटची गोष्ट निराळी. जुन्या फिरत्या डिस्कवर फॉर्मॅटनंतरही अक्षरे मागे उरत. सॉलिड स्टेट ड्राइव्हला मात्र विंडोज ट्रिम नावाची आज्ञा देते, ह्या जागा आता नकोत अशी, आणि डिस्क त्या आपल्या सवडीने खरोखरच साफ करते. तेव्हा चुकून फॉर्मॅट झाले तर यंत्र तत्काळ बंद करावे. चालू ठेवून शोधाशोध करणे म्हणजे सफाईला वेळ देणे होय.

राहता राहिले कुलूप. विंडोज ११ च्या २०२४ मधील आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश करून नव्याने बसविलेल्या पुष्कळ यंत्रांत डिस्क आपोआप कुलूपबंद होते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. पुन्हा प्रणाली बसविली की दुसरी डिस्क अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागते, आणि ती नसेल तर कोणाही कारागिराची मात्रा चालत नाही. ही किल्ली बहुधा त्याच खात्यात, आपल्या यंत्रांच्या यादीखाली ठेवलेली असते. कचेरीचे यंत्र असेल तर कचेरीच्या संगणक विभागाकडे असते. घरात दोन-तीन खाती असतील तर प्रत्येकात पाहावी, कारण यंत्र प्रथम ज्याच्या खात्याने सुरू झाले त्याच्याकडे ती गेलेली असू शकते. ज्यांना येत्या सुट्टीत हे काम करावयाचे आहे, त्यांनी जुनी प्रणाली चालू असतानाच ती किल्ली कागदावर उतरवून घ्यावी, आणि दुसरी डिस्क सोडविता येण्यासारखी असेल तर काम उरकेपर्यंत ती सोडवून बाजूला ठेवावी.