नळीवरची चिठ्ठी



 'मायक्रोआरएनए आणि अपस्मार' या विषयाचा आढावा घ्यावा अशी या परिषदेच्या संयोजकांची इच्छा आहे. तो मी थोडक्यातच घेणार आहे, कारण दहा वर्षं मनात साचलेली एक गोष्ट आज बोलायची आहे.

1993 साली एका सूक्ष्म कृमीवर काम करताना व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना पहिला मायक्रोआरएनए उलगडला. 2024 साली त्यांना नोबेल मिळालं. जेमतेम बावीस अक्षरांचा हा तुकडा मेसेंजर आरएनएला चिकटतो आणि त्याच्यापासून प्रथिन बनू देत नाही. एकेक तुकडा अनेक जनुकांना आवर घालतो. 2012 साली डब्लिनमध्ये डेव्हिड हेन्शल यांच्या गटाने उंदरांच्या मेंदूतला मिर-134 हा मायक्रोआरएनए गप्प केला आणि झटके खूपच कमी झाले. आपल्या औषधांना दाद न देणारे सुमारे एक तृतीयांश रुग्ण डोळ्यांसमोर आणा, म्हणजे ही आशा किती मोठी आहे ते कळेल. मीही ती बाळगून आहे.

वाद आहे तो रक्तातल्या मायक्रोआरएनएचा. रक्ताच्या थेंबावरून फिट ओळखता येईल का? सकाळच्या सत्रात त्यावर दोन तास खडाजंगी झाली. माझं उत्तर एका नळीत आहे.

आमच्या विभागात अशाच एका अभ्यासासाठी नमुने गोळा होत होते. एका नळीतलं सीरम गुलाबी दिसलं, म्हणजे तांबड्या पेशी फुटलेल्या. त्या पेशींत स्वतःचे मायक्रोआरएनए भरपूर असतात, त्यामुळे तो नमुना बाद झाला. ज्या मुलीचं ते रक्त होतं तिला पुन्हा बोलावलं. सोबत आजी आली होती. मुलगी चौदा वर्षांची, साडेचार वर्षं फिनायटोइन या फिटच्या औषधावर, त्याने हिरड्या दातांवर चढलेल्या. नळीवर चिठ्ठी : 'अपस्मार'. मी आजीला खुर्ची दिली आणि विचारलं, ''पडायच्या आधी काय होतं?'' आजी म्हणाली, ''शाळेची घंटा झाली की पोर पांढरीफटक पडती, मग कोसळती. हातपाय झाडती ते त्याच्यानंतर.''

घंटा. पांढरा पडलेला चेहरा. मी ईसीजी काढायला लावला. क्यूटी अंतर लांबलेलं होतं. आजार हृदयाचा होता. अचानक आवाज झाला की ठोक्यांची लय बिघडायची, मेंदूला रक्त मिळायचं नाही आणि अंग आखडायचं. एखाद्या दिवशी ती पोर उठलीच नसती.

साडेचार वर्षांत आजीला हे कुणीही विचारलं नव्हतं. मीही नाही. ती मुलगी माझ्याच ओपीडीतून दोनदा गेली होती आणि दोन्ही वेळा मी जुनी चिठ्ठी वाचून औषध पुढे चालू ठेवलं होतं. सीरम गुलाबी झालं नसतं, तर ती नळी अपस्माराच्या गटात मोजली गेली असती.

म्हणून मी चिडून सांगतो, हो, चिडूनच : सेंट्रिफ्यूज किती वेगाने फिरवायचं यावर आपण पानंच्या पानं लिहितो आणि फिट डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाशी तीन मिनिटंही बोलत नाही. चक्कर येऊन पडलेला, मानसिक ताणाने झटके येणारा आणि खरा अपस्माराचा रुग्ण, तिघांचं रक्त एकाच रॅकमध्ये उभं राहतं. मग एका संशोधक गटाला सापडलेला मायक्रोआरएनए दुसऱ्या गटाला सापडत नाही, आणि दोष मात्र आपण यंत्राला देतो.

मला एक नोंदवही सुरू करायची आहे. प्रत्येक नमुन्यासोबत पाहणाऱ्याचं म्हणणं, त्याच्याच शब्दांत, त्याच्याच बोलीत. जमेल तिथे घरच्यांनी मोबाइलवर काढलेलं चित्रण. ही वही कोण सांभाळणार, खर्च कुठून येणार, हे अजून ठरलेलं नाही. उद्या दुपारच्या चहानंतर ज्यांना यायचं असेल त्यांनी मागच्या दालनात यावं. अर्ज छापलेला नाही. सध्या कोरी वही आणली आहे.