चित्रफितीखालची अक्षरे



हीरक महोत्सवानिमित्त आपण जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी चित्रित करून यूट्यूबवर ठेवणार आहोत. कॅमेरा कोणी धरावा यावरून दहावीत चुरस आहे. टिपणे लिहिण्यास मात्र कोणी पुढे आलेले नाही!

२००८ मध्ये ‘पॅड.मा’ हा चित्रफितींचा ऑनलाइन संग्रह खुला झाला. आपल्या बेंगळुरूतील ‘ऑल्टर्नेटिव्ह लॉ फोरम’, मुंबईतील ‘मजलिस’, ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’, ‘कॅम्प’ आणि बर्लिनमधील एक गट यांनी तो मिळून उभारला. तेथे पूर्ण चित्रपटांपेक्षा कच्चे चित्रणच अधिक आहे. एरवी ते कपाटात पडून राहिले असते. प्रत्येक चित्रणाला वेळेच्या नोंदीसह संवाद आणि वर्णन जोडलेले असते. त्या शब्दांवरून दूरचा अभ्यासकही नेमका क्षण शोधू शकतो. अक्षरांवाचून चित्रण मुकेच, असे माझे मत आहे.

आपल्या आजींच्या मराठीत कन्नड शब्द सहज मिसळतात. ते पुण्याच्या श्रोत्याला अडतील, आणि शेजारच्या कन्नड मुलाला मराठी अडेल. म्हणून मराठी संहिता आणि कन्नड उपशीर्षके दोन्ही हवीत. चित्रफीत प्रसिद्ध करण्यापूर्वी बोलणाऱ्या व्यक्तीला ती दाखवावी. नको म्हटलेला भाग निमूटपणे गाळावा. श्रेयनामावलीत टिपणकाराचे नाव कॅमेरा धरणाऱ्याच्या शेजारीच येईल.

शुद्धलेखन चांगले असणाऱ्यांनी उद्या मधल्या सुट्टीत मला भेटावे.