घरचा केर, परसाचे खत



जव्हार आणि मोखाडा हे सह्याद्रीच्या कुशीतील डोंगराळ तालुके २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. त्या वर्षीच्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा अस्तित्वात आला व ते त्यात समाविष्ट झाले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी हे येथील रहिवासी. नागली, वरई व भात ही येथील पिके. पाऊस उदंड पडतो. परंतु तो उतारावरून धावत जातो आणि जाताना मातीचा कसदार थर बरोबर नेतो. त्यामुळे खताचा प्रश्न येथे अन्नाचाच प्रश्न होऊन बसतो. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी १९९२ मध्ये सारा महाराष्ट्र हळहळला होता. कुपोषणाची कारणे अनेक आणि उपायही अनेक. तथापि, घरामागच्या चार वाफ्यांत शेवगा, अळू, कारली, दुधी पिकू लागली तर मुलांच्या जेवणात भाजी येते; आणि त्या वाफ्यांपुरते खत घरच्या केरातून निघू शकते.

या मुलुखाला कुजणाऱ्या वस्तूंची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. कारवीच्या कुडाच्या भिंती, शेणाने लिंपलेली कणगी, बांबूची सुपे-टोपली, पळसाच्या पत्रावळी, पावसातले इरले, भोपळ्याचा तुंबा, हा येथला जुना संसार. जीर्ण झालेली वस्तू उकिरड्यावर जाई आणि मातीला मिळे. आता बाजारातून प्लास्टिकच्या पिशव्या, पुड्या व थर्माकोलच्या वाट्या घरी येतात आणि त्याच उकिरड्यात पडतात. तेथून त्या शेणखताबरोबर शेतात जातात, रोपांच्या मुळाशी अडतात, गुरांच्या पोटात शिरतात. म्हणून खताचा आरंभ खड्ड्यापाशी न होता उंबरठ्यापाशी होतो. घरात काय येते, यावर उकिरड्यातून काय निघेल हे ठरते.

येथील शेतकरी पावसाळ्यापूर्वी पालापाचोळा, टहाळ व शेण जमिनीवर पसरून जाळतो व त्या जागी रोपे तयार करतो. यालाच राब म्हणतात. त्यामुळे तणाचे बी मरते, राखेतून पालाश मिळते. हा अनुभव खोटा नाही. मात्र नत्र आणि सेंद्रिय अंश धुराबरोबर निघून जातो. राब एका दिवसात सोडावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु राबाला लागून उरलेला पाला, भाताचा पेंढा, अंगणाचा केर, भाजीची देठे व चुलीची थोडी राख जाळण्याऐवजी कुजविली, तर तो अंश जमिनीला परत मिळतो.

या विद्येला शास्त्राची जोड फार पूर्वीच मिळाली आहे. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे थरांची कंपोस्ट पद्धत सिद्ध केली. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ‘नाडेप’ पद्धत रूढ केली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच अशा जाळीदार भिंतींच्या हौदात सुमारे दीड हजार किलो काडीकचऱ्याला शंभर किलोच्या आसपास शेण पुरते. बाकी भर कोरड्या मातीची व पाण्याची. राबालाही शेण लागते अशा मुलुखात ही काटकसर मोलाची आहे.

एका कुटुंबाला एवढा हौद लागत नाही. विटांऐवजी बांबूच्या तट्ट्याचा लहान हौदही चालतो. तळाशी काटक्या, वर सुका पाला, त्यावर ओला केर, मग शेणकाला आणि मातीचा पातळ थर, याच क्रमाने तो भरीत जावे. सुका भाग ओल्याच्या दुप्पट ठेवल्यास दुर्गंधी येत नाही. मूठभर मिश्रण दाबले असता हाताला ओल लागावी, पण पाणी ठिबकू नये. आत ऊब निर्माण झाली, म्हणजे कुजण्याची क्रिया नीट चालू आहे असे समजावे. शेवटी शेणमातीने वरचा भाग लिंपून टाकावा.

वेळेचा विचार मात्र येथील ऋतुमानाप्रमाणे केला पाहिजे. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचून केर सडतो. त्या दिवसांत उंचवट्यावर, गवती छपराखाली ढीग रचावा. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच टंचाई असते. तेव्हा दिवाळीनंतर, ओहोळ वाहते असतानाच हौद भरणे उत्तम. याच सुमारास अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात. लिंपलेल्या हौदाला रोजची राखण लागत नाही. भेगा पडल्या तर त्या बुजविणे आणि अधूनमधून भांडी विसळलेले पाणी शिंपडणे, एवढे घरी राहिलेल्या वडीलधाऱ्यांना सहज जमते. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते व मृगाच्या पेरणीपूर्वी हाती येते.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. ‘विघटनशील’ असे छापलेली प्रत्येक पिशवी घरच्या खड्ड्यात कुजतेच असे नाही. अशा कित्येक पिशव्यांना मोठ्या खत प्रकल्पातील सततची उष्णता लागते. त्यापेक्षा कापडी पिशवी, पत्रावळ, काथ्या, घासणीसाठी घोसाळ्याची वाळलेली जाळी ही साधने खात्रीची आहेत. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर व थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली; केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लास्टिक वस्तू बंद केल्या. कायद्याचा हात बाजारापर्यंत पोहोचतो. त्यापुढे, घरातला ओला केर वेगळा ठेवण्याचे काम प्रत्येक घरच्या माणसांचे आहे. ग्रामसभेने, बचत गटाने व आश्रमशाळेने आपल्या आवारात एकेक हौद भरून दाखविला, तर येत्या मृगात त्या खतावर वाढलेली रोपे गावाला आपल्या डोळ्यांनी पाहता येतील.