कानाचा पडदा : दुर्लक्ष नको, दुरुस्ती हवी



मी वैद्य नव्हे. कापडाच्या व्यापारात आयुष्य घालविलेला माणूस आहे. तरीही आज कानाच्या पडद्याविषयी चार शब्द बोलावेसे वाटतात. कारण ‘कान फुटणे’ हा आजार आपल्या घरांत अजूनही किरकोळ समजला जातो.

हा पडदा जेमतेम ९ ते १० मिलिमीटर व्यासाचा आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका पातळ असतो. आवाजाने तो कंप पावतो व ती कंपने तीन चिमुकल्या हाडांमार्फत अंतर्कर्णात पोहोचतात. मधल्या कानात वारंवार जंतुसंसर्ग झाल्यास पडद्याला छिद्र पडते, कान वाहू लागतो. बहुधा ठणका नसतो, म्हणून आपण कानात तेल घालून वर्षानुवर्षे स्वस्थ बसतो. इकडे मुलाला कमी ऐकू येते, ते अभ्यासात मागे पडते आणि ‘तुझे लक्षच नसते’ म्हणून आपण त्यालाच रागावतो.

वास्तविक यावर उत्तम इलाज आहे. १९५० च्या दशकात जर्मनीतील वुलस्टाइन व त्सोलनर या शल्यविशारदांनी ‘टिंपॅनोप्लास्टी’ ही शस्त्रक्रिया नावारूपास आणली. प्रथम औषधांनी कान कोरडा करतात. मग कानाच्या वरील स्नायूवरचे पातळ आवरण काढून, सूक्ष्मदर्शकाखाली ते छिद्राच्या आतील बाजूने अस्तरासारखे लावतात. त्याच्या आधाराने पडदा भरून येतो. जीर्ण वस्त्राला त्याच ताग्यातील तुकडा जोडावा, तसे हे अस्तर रुग्णाच्या स्वतःच्याच शरीरातील असते. हाडांची साखळी तुटली असल्यास तीही पुष्कळदा जुळविता येते. बहुतेकांचे छिद्र बुजते. श्रवण किती सुधारेल, हे मात्र हाडांच्या व नसेच्या स्थितीवर अवलंबून असते.

एक इशारा आवर्जून देतो. स्रावाला दुर्गंधी येणे, चक्कर येणे, तोंड वाकडे होणे ही धोक्याची लक्षणे होत. हाड कुरतडणारा विकार मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. तेथे केवळ पडदा शिवून भागत नाही. आधी रोग समूळ काढावा लागतो.

म्हणून वाहत्या कानात तेल वा पाणी जाऊ देऊ नका; कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी व श्रवणचाचणी करून घ्या. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया होते. आपल्या दुकानांतील, घरांतील कामगारांच्या मुलांनाही तेथवर पोहोचविणे, हे आपले कर्तव्य आहे.