मुंग्या गेल्यानंतर

आजचा विषय म्हटला तर लहान आहे. गच्चीवर टीव्हीची छत्री, म्हणजे डिश आहे, संगणकात टीव्ही ट्यूनर कार्ड बसवलंय आणि चित्र येत नाही. तरीही तो मी मुद्दाम निवडला. दोष शोधायची एक सवय आपल्या चाळींच्या अंगात मुरली होती, ती सुटत चालली आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं.

२ ऑक्टोबर १९७२ला वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झालं. त्यानंतरची काही वर्षं आठवा. एक जण गच्चीवर अँटेना धरून, दुसरा जिन्यात, तिसरा टीव्हीसमोर. "आलं?" "आलं, आलं… गेलं, मागे घे!" पडद्यावर मुंग्या आल्या की सिग्नल अशक्त आहे हे शाळकरी पोरालाही कळायचं. बातम्या देणाऱ्या बाईंच्या शेजारी त्यांचीच फिकट सावली दिसली, तर लाट एखाद्या इमारतीवर आपटून उशिरा पोचते आहे. आजार पडद्यावरच दिसायचा. ३१ ऑक्टोबर २०१२ला मुंबईतलं केबलचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण थांबलं आणि घराघरांतल्या मुंग्या गेल्या.

डिजिटल चित्र आजार दाखवत नाही. उपग्रहावरून ते पाकिटं होऊन येतं. एकेक पाकीट १८८ बाइटचं, त्याला दुरुस्तीसाठी आणखी १६ बाइट जोडलेले. वाटेत पाकिटातले ८ बाइट नासले तरी कार्ड ते बिनचूक दुरुस्त करतं आणि चित्र कोरं करकरीत दिसतं. नववा नासला की ते पाकीट हातचं गेलं. मग चौकोन फुटतात, आवाज तुटतो, पडदा काळा होतो. काल सगळं छान होतं, आज एकदम गेलं, असं आपण म्हणतो. एकदम काही गेलेलं नसतं. महिनाभर ते कड्याच्या टोकाशी उभं असतं.

म्हणून आता नाडी पाहावी लागते. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. बहुतेक जण पहिलीकडे पाहतात आणि फसतात. छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीच्या स्वतःच्या खरखरीनेही स्ट्रेंग्थ भरलेली दिसते. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल, तर छत्री भलतीकडे पाहते आहे किंवा फ्रीक्वेन्सीचे आकडे चुकले आहेत. दोन्ही पट्ट्या पडल्या असतील, तर केबल तपासा. क्वालिटी उत्तम आहे, आवाज येतो आणि चित्र तेवढं नाही, तर मात्र दोष संगणकात आहे. वाहिनी एमपेग-४ची असेल आणि सॉफ्टवेअरला ते उलगडता येत नसेल.

आपल्या भागात कार्ड घेणाऱ्यांना मुख्यतः दूरदर्शनची मोफत सेवा हवी असते. डिसेंबर २००४मध्ये ती डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झाली, आज ती डीडी फ्री डिश आहे. दहा बाय बाराच्या खोलीत मुलाच्या अभ्यासाचा संगणक आणि टीव्ही अशा दोन पेट्या कुठे ठेवायच्या? मग लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून कार्ड येतं. पैसे भरून घ्यायच्या डीटीएच सेवा कुलूपबंद असतात, त्यांच्यामागे या कार्डाने लागू नका.

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, ९३.५ अंश पूर्वेवरून. लालबाग-गिरगावातून पाहिलं तर होकायंत्रावर साधारण १३१ अंश, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून ५७-५८ अंश वर. ऑफसेट छत्री दिसते उभी, पण पाहते बरीच वर, म्हणून नुसत्या नजरेने नेम धरू नका. हा कोन ध्यानात ठेवला की एक साधा हिशेब मिळतो. आग्नेयेची इमारत छत्रीपासून जितकी लांब, त्याच्या सुमारे दीडपटीहून ती छत्रीच्या वर उंच गेली की आकाश बंद. गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांनी परळ-लालबागच्या कितीतरी गच्च्यांचं आकाश असंच घेतलं आहे. तिथे कार्ड बदलून काय होणार?

आकाश मोकळं आहे की नाही, याची परीक्षा सूर्य करून देतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या आसपास, आपल्या इथून सूर्य नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी छत्रीवर ऊन पडलं तर वाट मोकळी, सावली पडली तर अडलेली. त्याच दिवसांत त्याच वेळी काही मिनिटं चित्रही जातं, कारण सूर्याची खरखर उपग्रहाचा आवाज बुडवते. तेव्हा कशालाही हात लावू नका, थांबा.

पावसाचंही असंच. लाट तिरकी येते, त्यामुळे पावसाच्या थरात ती आग्नेयेला तीनेक किलोमीटरवर शिरते. लालबागला कोरडं असतं, पण रे रोडच्या पलीकडे खाडीवर सर कोसळत असेल तर चित्र इथे फुटतं. सर ओसरली की ते परत येतं. गॅलरीतल्या छत्रीसमोर वाळत घातलेली ओली चादरही तेच करते. अशी चादर मी स्वतः बाजूला सरकवली आहे.

पाऊस थांबून आकाश निवळलं तरी चित्र परतलं नाही, तर पाणी केबलमध्ये शिरलं आहे. आमच्याच मजल्यावरच्या एका मुलाचं तसं झालं होतं. त्याने ड्रायव्हर तीनदा काढून घातला, कार्डाचे सोनेरी दात खोडरबराने घासले, स्लॉट बदलला. मी विचारलं, "कधीपासून?" म्हणाला, "परवाच्या पावसापासून." पट्ट्या पाहिल्या, दोन्ही पडलेल्या. त्याला आधी संगणक बंद करायला सांगितलं. याच केबलमधून कार्ड एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतं. चालू असताना तार तारेला टेकली तर कार्ड जळू शकतं. मग गच्चीवर गेलो. कनेक्टर फिरवला तर आतून थेंब गळला. मधल्या तारेचं तांबं खाऱ्या हवेने हिरवं पडून खालचं लोखंड दिसत होतं, आणि जाळीचा केसाएवढा एक धागा तिच्याकडे वाकलेला. वीतभर केबल कापली, जाळी नीट मागे दुमडली, नवा कनेक्टर बसवला, वर रबरी टेप गुंडाळली. एलएनबीखाली केबलला झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जातं, सांध्याकडे ओघळत नाही.

खाली आलो. क्वालिटी सरसर वर चढली आणि ७२वर स्थिरावली. सह्याद्री वाहिनीवर सातच्या बातम्या लागल्या, त्याची आजी पाट ओढून पुढे बसली. त्या मुलाने पेन्सिल घेतली आणि संगणकाच्या मागच्या भिंतीवर तारीख घालून लिहिलं : आकाश स्वच्छ, ७२.