मागितलं तसं झालं नाही, तेव्हा



बचत गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, वही मिटली की मनातलं बाहेर येतं. कुणाच्या मुलीचा नर्सिंगचा प्रवेश हुकलेला असतो, कुणाच्या मुलाची भरती. आमच्यातल्या ख्रिस्ती बहिणी विचारतात, "एवढी प्रार्थना केली, मग देवानं ऐकलं का नाही?"

या प्रश्नासाठी पंडिता रमाबाईंकडे पाहू या. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांच्या शिक्षणासाठी. पुढे ते पुण्याला आलं. खर्च भागावा म्हणून रमाबाईंनी दौंडजवळ केडगावला जमीन घेऊन फळबाग लावली. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. तरुणपणी दुष्काळातच आई-वडील गमावलेल्या रमाबाईंना स्वस्थ बसवेना. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो मुली आणि विधवा आणल्या. उत्पन्नासाठी घेतलेल्या जमिनीवर त्यांना आसरा मिळाला. तेच मुक्ती सदन.

आपल्यामागे हे काम लेकीनं, मनोरमानं सांभाळावं, ही त्यांची आस होती. १९२१ साली मनोरमाच गेली. ती का गेली, याचं उत्तर रमाबाईंना मिळालं असं मी म्हणणार नाही. पण हाती घेतलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्यांचं निधन झालं. मुक्तीचं काम मात्र आजही चालू आहे.

म्हणजे इच्छा मारायची का? नाही. प्रभू येशूनंही गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून आधी प्रार्थना केली, मग पित्याच्या इच्छेवर सोपवलं. आपणही आधी मोकळेपणानं मागावं. मग स्वतःला विचारावं, हे मला कशासाठी हवंय? मुलीनं पायावर उभं राहावं, आजाऱ्यांची सेवा करावी, म्हणूनच ना नर्सिंग? मग प्रवेश हुकला तरी ते कारण शिल्लक आहे, आणि ते देवाच्या इच्छेत बसणारं आहे. आशा त्या कारणाला बांधावी, एका यादीतल्या नावाला नव्हे. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरता येईल, तोवर दुसरं शिक्षण शोधता येईल.

आणि ज्या मुलीचा प्रवेश हुकलाय, तिला आज रात्री आईनं जवळ बसवून एवढंच सांगावं, "बाई, तू वाया गेलेली नाहीस." तीसुद्धा प्रार्थनाच आहे.