अणूच्या पोटात काय आहे?



सिद्धेश्वरचे धरण ज्या तालुक्यात आहे, त्याच औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या माळावर 'लायगो-इंडिया' नावाची वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या एप्रिलमध्ये तिला मंजुरी दिली. तिचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांत अणुऊर्जा विभाग आहे. आता 'अणू' हा शब्द कानी पडला, की पारावर बसलेला एखादा म्हातारबा विचारणारच, "काय हो मास्तर, इथं बाँब बनवणार की काय? पाण्याला, पिकाला काही बाधायचं तर नाही ना?"

प्रश्न रास्त आहे. "घाबरू नका" एवढ्याने त्याचे उत्तर होत नाही. अणूत काय असते ते समजून घेतले, तर उत्तर आपले आपल्यालाच सापडेल.

धरणातल्या पाण्याचा एक थेंब घ्या. त्यातल्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन व ऑक्सिजनचा एक अणू असतो. अणूच्या मध्यभागी केंद्रक असते. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीने बसलेले असतात. भोवती इलेक्ट्रॉन असतात. प्रोटॉनवर धन विद्युत्‌भार, इलेक्ट्रॉनवर तेवढाच ऋण. न्यूट्रॉनवर काहीच नाही. अणूत प्रोटॉन जितके तितकेच इलेक्ट्रॉन, म्हणून जमाखर्च बरोबर जुळतो. वजनात मात्र मोठी तफावत. एका प्रोटॉनच्या भारंभार १८३६ इलेक्ट्रॉन घालावे लागतील. न्यूट्रॉन प्रोटॉनहून किंचित जड.

या तिघांची कामे निरनिराळी आहेत.

इलेक्ट्रॉन येलदरीला कामी येतो. तिथे पूर्णेचे पाणी चक्र फिरवते, जनित्र चालते आणि तारेतल्या इलेक्ट्रॉनांना रेटा मिळतो. ते येलदरीहून तुमच्या घरी चालत येत नाहीत, बरं का! तारेत जागच्या जागीच सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे हेलकावतात. चक्र फिरवून पाणी संपत नाही, ते खाली सिद्धेश्वरला येते. तसाच दिवा लावून इलेक्ट्रॉनही संपत नाही.

न्यूट्रॉनचे काम तारापूरला. त्याच्यावर भार नसल्यामुळे केंद्रक त्याला दूर लोटत नाही. तो युरेनियमच्या केंद्रकात शिरला, की ते फुटते, उष्णता निघते आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. त्यांना आवरून धरले म्हणजे अणुभट्टी, मोकाट सोडले म्हणजे बाँब. तारापूरला १९६९ पासून या उष्णतेवर वीज निघू लागली.

राहिला प्रोटॉन. पदार्थाची ओळख त्याच्यावरून ठरते : एक असला तर हायड्रोजन, आठ असले तर ऑक्सिजन, एकोणतीस असले तर तांबे. आणि तो लहान तरी किती! प्रोटॉन ज्वारीच्या दाण्याएवढा मानला, तर हायड्रोजनचा अणू सुमारे पाव किलोमीटर रुंद होईल.

दुधाळ्याला या प्रोटॉनचा उपयोग फक्त मापापुरता आहे. तिथे चार-चार किलोमीटर लांबीच्या, हवा काढून घेतलेल्या दोन नळ्यांतून लेसरचा प्रकाश जाईल-येईल. दूर आकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली, की अवकाशात लहर उठते. अशी लहर अमेरिकेतल्या वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी प्रथम टिपली. तिच्यामुळे नळीच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या रुंदीच्या शेकडो पटींनी लहान असतो. तो मोजायचा, एवढेच काम. तिथे युरेनियम लागत नाही आणि कुठलेही केंद्रक फोडायचे नाही.

तेव्हा म्हातारबांना सांगा, "बाबा, इथं अणू फोडायचा नाही. अणूच्या गाभ्याहून बारीक असं काही मोजायचं आहे."

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती. ही तीन नावे मुलांकडून नुसती घोकून घेऊ नका. ज्वारीचा एक दाणा शाळेच्या पायरीवर ठेवा आणि मुलांना सव्वाशे मीटर चालत न्या. तिथून मागे वळून दाणा दिसतो का, ते विचारा. अणू किती पोकळ आहे, हे त्यांना फळ्यावाचून समजेल.